डाव्या पायाचा जबाब

...कारण शून्य हा अंक आहे, तुम्हाला सांगते, शून्य ही शिवी नव्हे की अपशकुन नव्हे, आणि शून्याला शून्य म्हणताना ज्यांची जीभ अडखळते त्यांनी विद्यापीठाच्या औषधचाचणीत नाव नोंदवूच नये, असं मी पहिल्याच दिवशी त्या लाकडी बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं होतं. ऐकलं कुणी? ऐकतील कशाला... छत्तीस वर्षं आमच्या मुहर्रम बे मोहल्ल्यातल्या मुलींच्या शाळेत मी अंकगणित शिकवलं, निम्म्या मोहल्ल्याचे पाढे माझ्यासमोर पाठ झाले, आजही भाजीवाला मला पाहिलं की तागडी पुन्हा एकदा तपासून घेतो, पण म्हातारी झाले आणि पायांत मधुमेह उतरला म्हटल्यावर वजीहाबाईंचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ती चाचणी कशी असते ते आधी ऐका. गळाला बांधतात तसला नायलॉनचा दोरा, तोही बोटभर, एका दांडीला लावलेला. आपण मोजे काढून पाय स्टुलावर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. मग डॉक्टर माहीनूर... ही विद्यापीठाची डॉक्टर, वय अठ्ठावीस, तिचा सगळा प्रबंध आमच्या पायांवर उभा... तर ती त्या दोऱ्याचं टोक तळपायाला दहा ठिकाणी टेकवणार आणि दर खेपेला विचारणार, ‘जाणवलं?’ जाणवलं तर हो म्हणायचं, न जाणवलं तर नाही म्हणायचं. याहून सोपा प्रश्न पहिलीच्या मुलींनासुद्धा मी कधी घातला नाही. ‘जाणवलं?’ नाही. ‘आता?’ नाही. ‘आता जाणवलं?’ नाही. डावा पाय, दहापैकी शून्य. उजवा पाय, दहापैकी एक, आणि तो एकसुद्धा, मीच तिला म्हटलं, संशयास्पद धर, कारण त्याच वेळी खाली रस्त्यावर ट्राम गेली.

आता तुम्ही विचाराल, पाय बधिर आहेत तर आहेत, या वयात चाचणीच्या भानगडीत पडायचं काय कारण? सांगते. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात समुद्रावर ते वादळ उठलं होतं, चार दिवस खिडकी उघडता येत नव्हती, मी विजेची शेगडी पायाशी घेऊन पेपर वाचत बसले होते. जळकट वास आला. मला वाटलं, समोरच्या उम्म वहीदने पुन्हा कुणाची तरी विजार इस्त्रीखाली विसरली. मी उठून तिच्या दारापर्यंत गेले, दार वाजवलं, म्हटलं, तुझं काहीतरी जळतंय. तिने खाली पाहिलं आणि म्हणाली, ‘माझं नाही गं, तुझं.’ मोजा जळून पायाला चिकटला होता. मला काय? काही नाही. करंगळी गेली. शल्यवैद्य म्हणाले, बाई, पुढच्या जखमेला अंगठा, त्याच्या पुढच्याला घोटा, आणि हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही, कुणीतरी सांगेल तेव्हा कळेल. हे मला पटलं. आपला पाय जळतोय हे शेजारणीने सांगावं लागणं, ही स्थिती मला शोभणारी नव्हती.

त्यात तोपर्यंत घरात अनीस होते, माझे यजमान. ट्रामवर तिकीट तपासनीस होते, निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली तरी माणसाकडे पाहण्याची तऱ्हा तीच, तिकीट आहे की नाही... दर शुक्रवारी दुपारी माझे पाय मांडीवर घ्यायचे, चष्मा लावायचे आणि बोट न् बोट फिरवून पाहायचे. नखंही तेच कापायचे, कारण मी कापली असती तर कुठवर कापतेय ते मला कुठलं कळायला. करंगळी गेली त्याच मार्चमध्ये ते गेले. तेव्हापासून शुक्रवारी दुपारी मी आरसा जमिनीवर ठेवते आणि त्यात तळपाय पाहते. आरसा चांगला आहे. त्याला बोटं मोजता येत नाहीत, एवढंच.

तर मी नाव घातलं. आणि घालण्यापूर्वी नऊच्या नऊ पानं वाचली. ‘बाई, कुणीच वाचत नाही, फक्त शेवटी सही करा,’ असं ती माहीनूर म्हणाली. मी म्हटलं, पोरी, सही ही शेवटी करायची असते म्हणूनच आधीचं वाचायचं असतं. वाचलं ते बरंच झालं, कारण तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, एकूण सहभागी एकशे वीस, पैकी साठ जणांना औषध आणि अठ्ठावन्न जणांना औषधासारखी दिसणारी निर्गुण गोळी. मी लाल पेन काढलं. उरलेल्या दोघांना काय देणार, म्हटलं, चहा? ती बिचारी कागद घेऊन धावत गेली. तासाभराने सुधारून आणला. तेव्हापासून तिला ठाऊक आहे, माझ्या तक्त्यावर काहीही लिहिलं की तो मला दाखवायचा, मी ओळ न् ओळ तपासणार, आणि चुकीच्या नोंदीखाली वजीहाची सही मिळणार नाही. नाही म्हणजे नाही.

ती निर्गुण गोळी हा काय प्रकार, तर निम्म्यांना खरं औषध आणि निम्म्यांना पीठ. साखर नव्हे, मधुमेह्यांना साखर देण्याइतकं आमचं विद्यापीठ खालावलेलं नाही. कुणाला काय मिळतंय ते ना आपल्याला ठाऊक, ना डॉक्टरला ठाऊक, ते एका बंद लिफाफ्यात. आणि औषधाला गुण आहे असं ठरलं, तर ज्यांनी पीठ खाल्लं त्यांना पुढे वर्षभर खरं औषध. गुण नाही असं ठरलं, तर सगळं बंद, गोळ्या परत, पाय आपापल्या घरी. म्हणजे हिशेब लक्षात घ्या. माझ्या वाट्याला पीठ आलं असेल, तर माझा अंगठा राहणार की जाणार हे माझ्या उत्तरांवर नव्हतंच. ते त्या बाकावरच्या बाकीच्यांनी खरं बोलण्यावर होतं.

आणि बाकावर कोण होतं? एकेकाची ओळख करून देते.

माझ्या डाव्या हाताला उम्म वहीद, म्हणजे वहीदची आई, तीच समोरची. शिवणकाम करते. वहीद कुवेतला जाऊन पंधरा वर्षं झाली, चार पोरांचा बाप झाला, पण ही अजून त्याची आई म्हणूनच दार उघडते. आणि माझ्या उजव्या हाताला हाजी दसूकी. हे आमच्या गल्लीतले जुने इस्त्रीवाले, पायाने इस्त्री करणारे, ती दहा किलोची लोखंडी इस्त्री असते ना, दांड्याला धरून तिच्यावर पाय ठेवून चालवतात, तसली. पन्नास वर्षं त्या पायाने शहराचे शर्ट सरळ केले आणि आता त्याच पायाला आपली चप्पल सुटलीय की घातलीय हे कळत नाही. दोघंही चांगली माणसं. देवभीरू. खोटं बोलण्यात दोघांचा हात धरणारं कुणी नाही.

हाजींचं असं, की त्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. माहीनूरने दोरा उचलला रे उचलला की यांचं सुरू, ‘हो. हो पोरी. हो. अल्हमदुलिल्लाह, देवाची कृपा, हो.’ ती मधूनच नुसतं विचारते, दोरा टेकवतच नाही, खरं-खोटं ओळखायला तशी रीत आहे, ‘हाजी, आता जाणवलं?’ ‘अगदी स्पष्ट.’ दोरा तिच्या खिशात. मी म्हटलं, हाजी, देवाला काय तोंड दाखवाल? तर मला म्हणतात, ‘बाई, पोर एवढी शिकलीय, वाकून वाकून म्हाताऱ्यांचे पाय धरतेय, तिला नाही कसं म्हणू? तिच्या आईला काय वाटेल?’ तिच्या आईचा काय संबंध... पण विचारून उपयोग नाही. ‘आणि देवाने दिलेल्या पायाची तक्रार करू? तुम्ही तर बाई, दर बुधवारी शून्य शून्य करता, मला ऐकूनसुद्धा भीती वाटते.’

आणि उम्म वहीदचं बरोबर उलटं. तिला सगळं वाईट. पाय कसा? डांबर. झोप कशी? डांबर. दोरा जाणवला? ‘कुठला दोरा गं पोरी, सुतळी आणलीस तरी कळायचं नाही.’ मला आधी वाटलं, हिला पीठ मिळालंय, माझ्यासारखंच. जरा बरंही वाटलं. समोरासमोर राहतो, निदान पाय तरी सारखे.

अशी ती चाचणी. डॉक्टर विचारते आणि बाक उत्तर देतो. एकशेवीस माणसांत आकडा म्हणून आकडा सांगणारी मी एकटी. शून्य.

तोंडी प्रश्नही असत. चौदा होते. अकरावा असा, ‘गेल्या आठवड्यात रडावंसं वाटलं काय?’ मी विचारलं, याचा पायाशी संबंध? ती म्हणाली, बाई, छापलंय. छापलेलं असेल तर उत्तर द्यायला हवं. नाही. दर बुधवारी नाही. कारण वाटलं नव्हतं. अनीस गेले तेव्हाही नाही. तीन दिवस बायका येत होत्या, दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी मी स्वतः ओतली, एकशे चौऱ्याहत्तर कप, कप कमी पडू दिले नाहीत, आणि माझी नणंद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘हिचा बधिरपणा पायांवरून वर चढला.’ मला त्याचं काही वाटलं नाही. तेच तर ती म्हणत होती. माहीनूर खाली मान घालून लिहायची, ‘नाही.’ मी तपासायची. बरोबर. सही.

आता अकरा जानेवारीची गोष्ट. तारीख लक्षात आहे कारण शुक्रवार होता, जिना धुतला होता. पाव घेऊन खाली पोरगा ओरडला, मी दोरीने टोपली सोडायला बाहेर आले आणि त्याच क्षणी समोरचं दार उघडून उम्म वहीद अनवाणी बाहेर आली. ओल्या फरशीवर पाय ठेवला. आणि उचलला. बगळ्यासारखी एका पायावर उभी. ‘अगं आई गं, काय गारठलीय ही फरशी.’

मी टोपली तशीच अर्ध्यात लटकत ठेवली. म्हटलं, काय म्हणालीस?

‘काही नाही.’

गार म्हणालीस.

‘मी? मी कुठे? माझे पाय म्हणजे डांबर.’

उम्म वहीद, म्हटलं, मी छत्तीस वर्षं नक्कल करणाऱ्या मुली पकडल्यात.

मग तिने मला हाताला धरून घरात ओढलं, दार लावलं, रेडिओचा आवाज वाढवला आणि कानात म्हणाली, की ऑक्टोबरपासून. ऑक्टोबरपासून तिला मशीनचं पायडल कळतंय, चपलेतला खडा कळतोय, मांजर पायात घोटाळलं तर ते कुठल्या बाजूने हे कळतंय. मी म्हटलं, मग बुधवारी सांगत का नाहीस? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. ‘त्या बाकावर? सोळा जणी बसलेल्या असतात, एकेकीचे डोळे बघितलेस? बरं वाटतंय म्हणून बोलले तर बुधवारचा गुरुवार होणार नाही, दृष्ट लागून पाय पुन्हा लाकूड. आणि तू पण कुणाला सांगणार नाहीस. शपथ घे. अनीसच्या मातीची शपथ, तोंडातून शब्द काढणार नाहीस.’

घेतली शपथ. काय करणार? पाव खाली थांबला होता.

पण पाव वर ओढून घरात आल्यावर मी कागद घेतला आणि विचार केला. औषध ज्यांना लागू पडतंय ते दृष्टीला भिऊन ‘नाही’ म्हणणार. ज्यांना पीठ मिळतंय ते देवाला आणि डॉक्टरच्या आईला भिऊन ‘हो’ म्हणणार. साठ आणि साठ. बेरीज काय येईल? तुम्हीच सांगा. सांगायला अंकगणिताची मॅट्रिक कशाला हवी?

आणि आलीच ती बेरीज. फेब्रुवारीत सहा महिने पुरे झाले, मधला हिशेब झाला आणि त्या बुधवारी माहीनूरचे डोळे सुजलेले. मी विचारलं, दाढ दुखतेय? नाही म्हणाली. मग पडदा ओढून माझ्या पायाशी बसली, दोरा हातात तसाच, आणि हळू आवाजात म्हणाली, ‘बाई, मोठे सर म्हणतात औषध आणि पीठ सारखंच दिसतंय. मार्चअखेर बंद करायचं. मी चार वर्षं यावर काम करतेय. उंदरांचे पाय बरे झाले होते हो.’ मी म्हटलं, पोरी, उंदरांना अल्हमदुलिल्लाह म्हणता येत नाही.

ती हसली नाही. मीही विनोद केला नव्हता.

‘काय करू?’ म्हणाली. ‘मधेच प्रश्न बदलता येत नाहीत. एक शब्द बदलता येत नाही. मी त्यांना शपथा घालून पाहिल्या. हाजी म्हणतात, हो, शप्पथ हो.’ आणि मग सवयीने तिने दोरा टेकवला. ‘जाणवलं?’

नाही, म्हटलं. आणि तुम्हाला खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा तो शब्द मला जड गेला. मार्चअखेर बंद, म्हणजे मग आरसा आणि मी. अंगठा, मग घोटा. कुणीतरी सांगेल तेव्हा कळेल.

तोंडातून शब्द काढणार नाही, अशी शपथ होती. आणि वजीहा शपथ मोडत नाही. पण वजीहाने नऊच्या नऊ पानं वाचलेली होती.

मी म्हटलं, पान सातवं काढ.

तिने काढलं. कोरं. ‘बाई, हे कुणी भरत नाही.’ का भरत नाही? वर काय लिहिलंय वाच. तिने वाचलं, ‘घरातील अथवा निकटच्या व्यक्तीने भरावयाचे. सदर व्यक्तीच्या पायांत आपणांस काही फरक आढळला काय? असल्यास दिनांकासह लिहावे.’ म्हणाली, ‘पण सगळे एकटेच येतात, घरचं कुणी येत नाही, म्हणून आम्ही...’ मी तिला थांबवलं. एकशेवीस पानं छापली आणि एकशेवीस पानं कोरी ठेवली, म्हटलं, अशी उत्तरपत्रिका माझ्याकडे आली असती तर मी पालकांना बोलावलं असतं. घरातील अथवा निकटच्या. ‘अथवा’ शब्द दिसतो का? त्या बाकावर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून सहा महिने बसलेत, एका गल्लीतले, एका जिन्यातले. याहून निकट म्हणजे किती निकट? स्वतःच्या पायाबद्दल आमच्यातला एक माणूस खरं सांगणार नाही. दुसऱ्याच्या पायाबद्दल विचारून बघ.

आणि मग तिच्यासमोर बसून मी उम्म वहीदचं सातवं पान भरलं. पेनाने. तोंड मिटून. ‘दिनांक ११ जानेवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. ओल्या फरशीवर पाय ठेवताच उचलला व फरशी गार असल्याचे सांगितले. साक्षीदार मी.’ खाली सही.

पुढच्या बुधवारी तिने एकेकाला पडद्याआड बोलावलं आणि शेजाऱ्याचं पान पुढे ठेवलं. तुम्हाला काय सांगू... सहा महिने ज्यांच्या तोंडातून ‘देवाची कृपा’ यापलीकडे अक्षर निघालं नव्हतं ती माणसं बोलायची थांबेनात. ‘ती ना? ती सांगते डांबर, आणि परवा लग्नात नाचली. रविवारी. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. टाचांच्या चपला घालून.’ ‘अमकीचा नवरा? सरडा आहे. मुलाने पायावर गरम चहा सांडला तर बोंबलत उठला, आणि इथे येऊन लंगडतो.’ हाजी दसूकींबद्दल त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या पोळीवाल्याने तोंडी जबानी दिली, की हे हो हो म्हणतात खरे, पण मागच्या आठवड्यात एक चप्पल घालून दुसरी न घालता मशिदीत जाऊन आले आणि सांगेपर्यंत कळलं नाही. दिनांकासकट. एक जण तर शेजारणीचं पान भरून झाल्यावर पुरवणी मागत होता. माहीनूरचा हात दुखला लिहून. दोन बुधवारांत एकशेवीस पानं भरली.

मी बाहेर बाकावर बसले होते. माझं पान कुणी भरलं? उम्म वहीदने. तिला लिहायला येत नाही, तिने सांगितलं आणि माहीनूरने उतरवलं. एकच ओळ. ‘तिचा पाय मेलेला आहे, ती दर शुक्रवारी आरशात बघते, मी माझ्या खिडकीतून पाहते.’

हे मी पुढे वाचलं. बघत होती, हे मला माहीत नव्हतं.

चाचणी मार्चअखेर बंद झाली नाही. आकडेमोडवाल्यांनी तोंडची उत्तरं आणि सातवं पान शेजारी शेजारी ठेवलं, मोठे सर स्वतः बाक पाहून गेले, म्हणे असा बाक त्यांनी बाहेरदेशी पाहिला नव्हता, आणि नऊ महिने पुरे करायचे ठरले. पण उम्म वहीदला कुणीतरी सांगितलं, तिचं पान कुणी भरलं ते. त्याच आठवड्यात तिच्या बोटात मशीनची सुई गेली. झालं. दृष्ट कुणाची? माझी. बोट हाताचं, पान पायाचं, पण हे तिला कोण सांगणार? जिन्यात भेटली तर भिंतीशी बोलायची, ‘काही लोक लेखी डोळा लावतात.’ मी भिंतीलाच उत्तर द्यायचे, शपथ तोंडाची होती. पाच आठवडे असं चाललं. सहाव्या आठवड्यात तिने दार वाजवलं, हातात भरल्या वांग्यांची थाळी, आणि थाळीच्या मधोमध निळा मणी. म्हणाली, ‘हा दाराला लाव. तुझ्या डोळ्यापासून तुझंच रक्षण व्हायला पाहिजे.’ थाळी रिकामी परत द्यायची नसते, म्हणून मी तिला अर्धा शेर खजूर भरून दिले. मिटलं.

मेअखेरीस लिफाफे उघडले. औषधाला गुण आहे असं ठरलं. भरपूर नाही, पण आहे. उम्म वहीदला औषध. हाजी दसूकींना पीठ, ते म्हणाले, ‘पण फार गुणकारी पीठ होतं हो.’ आणि मला... दोनशे एकाहत्तर दिवस, दिवसाला दोन, पाचशे बेचाळीस गोळ्या, एकही न चुकवता, घड्याळ लावून, जेवणानंतर अर्ध्या तासाने, पेलाभर पाण्याबरोबर. पीठ. माहीनूर मला हे सांगताना रडवेली झाली होती. मी म्हटलं, रडू नकोस, माझी उत्तरं बरोबरच होती ना? शून्य हे शून्यच होतं. वाईट काय वाटायचं त्यात? आणि नाहीच वाटलं काही. जून महिन्यापासून खरं औषध सुरू झालं. रंग तोच, आकार तोच, चवही तीच. मी घड्याळ लावलं.

जून, नाही. जुलै, नाही. ऑगस्ट, सप्टेंबर, ‘जाणवलं?’ नाही, ‘आता?’ नाही. ऑक्टोबरात माहीनूर म्हणाली, बाई, प्रत्येकाला गुण येतोच असं नाही. मी म्हटलं, ते तिसऱ्या पानावर लिहिलंय, मी वाचलंय.

आणि हा गेला बुधवार. आता नीट ऐका.

सकाळी अकरा वाजता आम्ही बाकावर. आता नवी पद्धत आहे, ज्याचा पाय त्याच्याबरोबर शेजाऱ्यालाही आत घेतात, सातवं पान लगेच भरायला. म्हणून उम्म वहीद माझ्या शेजारी स्टुलावर, पर्स मांडीवर. पडदा अर्धाच ओढलेला, तो कधीच पुरा ओढला जात नाही, आणि बाहेरच्या सोळा जणी माना लांब करून आत बघतायत. मी मोजा काढला. डोळे मिटले. ‘जाणवलं?’ नाही. ‘जाणवलं?’ नाही. ‘आता?’ नाही. आणि मग डाव्या अंगठ्यावर...

कसं सांगू? शुक्रवारी दुपारी अनीस नख कापण्याआधी अंगठा दोन बोटांत धरायचे, फार हलकं, तिकीट धरतात तसं. तेवढंच. दोऱ्याच्या टोकाएवढं.

मी डोळे उघडले. ते उघडायचे नसतात. समोर पडद्याच्या फटीत सोळा जणी. सोळा गुणिले दोन, बत्तीस डोळे. आणि माहीनूर विचारतेय, ‘जाणवलं?’

तुम्हाला सांगते, छत्तीस वर्षं अंकगणित शिकवलेली, दृष्ट मणी ताईत यांना आयुष्यभर अडाणीपणा म्हणणारी, दुसऱ्याच्या पायाची तारीखवार साक्ष लिहून देणारी ही वजीहा, मी त्या फटीकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘नाही.’

माहीनूर थांबली. ‘नक्की, बाई?’

डांबर, म्हटलं.

मग ती उम्म वहीदकडे वळली, सातवं पान पुढे ओढलं. ‘खाला, तुम्हाला काही फरक दिसला?’ उम्म वहीदने माझ्या पायाकडे पाहिलं. अंगठा चांगला बोटभर उडाला होता, तिने पाहिला होता, मी तिला पाहताना पाहिलं होतं. मला वाटलं, आता ही जानेवारीची फेड करणार, दिनांकासकट. तिने पर्सची चेन उघडली, परत लावली, पडद्याबाहेर एक नजर टाकली आणि म्हणाली, ‘लिही गं पोरी. लाकूड आहे. भिजलेलं लाकूड.’

माहीनूर उठली, पडदा पुरा ओढला, आणि पुढचे प्रश्न विचारायला लागली. झोप? ठीक. भूक? ठीक. प्रश्न अकरावा, ‘गेल्या आठवड्यात रडावंसं वाटलं काय?’

नाही, म्हटलं मी. आणि उम्म वहीदने आपल्या ओढणीचं टोक माझ्या हातात दिलं, कारण माझा रुमाल पर्समध्ये होता आणि पर्स बाहेर बाकावर होती.

मग माहीनूरने तक्ता पुरा केला आणि नेहमीसारखा माझ्यापुढे ठेवला, लाल पेनासकट. मी चष्मा पुसला आणि ओळ न् ओळ तपासली. दोन उत्तरं तिने मी सांगितल्याच्या नेमकी उलट लिहिली होती. मी सही केली.